उपासाने साखर उतरते का?

१८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला आणि पुढचे चार महिने शहराची रसद तोडली. पावाचं रेशन झालं, मांसासाठी घोडे कापले गेले, शेवटी शेवटी उंदीरही विकायला आले. त्या उपासमारीत अपोलिनेर बुशार्दा या डॉक्टरच्या नजरेत एक गोष्ट भरली. त्याच्या मधुमेही रुग्णांपैकी काहींच्या लघवीतून साखर जायची थांबली होती. बोटाला टोचून रक्तातली साखर मोजण्याचे ते दिवस नव्हते, लघवीतली साखर हाच रोगाचा पुरावा होता. औषध म्हणावं असं काही कुणाकडे नव्हतं. मग उतार पडला कशाने? रुग्णांच्या पोटात जाणारं अन्न घटलं होतं, दुसरा मोठा बदल दिसत नव्हता. कमी खा आणि अंगमेहनत करा, हे बुशार्दा आपल्या रुग्णांना कायम सांगत राहिला.

पुढे चाळीसेक वर्षांनी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरने हाच विचार टोकाला नेला. लघवीतली साखर जाईपर्यंत रुग्णाला पूर्ण उपाशी ठेवायचं आणि मग जेमतेम तग धरण्यापुरतं अन्न द्यायचं, अशी त्याची पद्धत होती. बोस्टनचे नावाजलेले डॉक्टर इलियट जॉस्लिन यांनीही ती स्वीकारली. ॲलनच्या रुग्णांत एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी होती. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. वयाच्या अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला आणि तीन वर्षं तिने या आहारावर काढली. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला टोरांटोला फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे नेलं, तेव्हा पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या मुलीचं वजन वीस किलोच्या आसपास उरलं होतं. बँटिंगनी तिला नुकतंच सापडलेलं इन्शुलिन सुरू केलं. एलिझाबेथ त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं जगली, १९८१ मध्ये वारली.

पॅरिसच्या रुग्णांना कमी खाण्याने आराम पडला आणि एलिझाबेथ मात्र उपासाने मरणाच्या दारात पोचली, याचं कारण रोगाच्या प्रकारात आहे. तिचा मधुमेह पहिल्या प्रकारचा होता. त्यात स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. तिथे उपास फक्त मरण लांबवतो. आपल्याकडे घरोघरी दिसतो तो दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे टाइप टू मधुमेह. त्यात इन्शुलिन तयार होतं, बरेचदा सुरुवातीच्या वर्षांत भरपूर होतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. आज ‘इंटरमिटंट फास्टिंग’ या नावाने जे चाललं आहे, सोळा तास उपास आणि आठ तास खाणं, आठवड्यातून दोन दिवस अर्धपोटी, दिवसातून दोनदाच जेवण, त्याचा विचार करायचा तो या दुसऱ्या प्रकारासाठीच. आणि तो करायलाच हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रमाणात सगळ्यांत वर गोवा आहे, तिथे २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला.

उपासाचा साखरेशी संबंध काय, हे समजून घ्यायचं तर आधी यकृताकडे बघावं लागतं. जेवल्यावर रक्तात साखर चढते, स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं, स्नायू ती साखर ओढून घेतात आणि शंभरेक ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात जाऊन बसते. यकृत ही शरीराची कणगी आहे. रात्री आपण झोपलेले असतो तेव्हाही मेंदूला साखर लागते, दिवसाला जवळजवळ १२० ग्रॅम. ती या साठ्यातून येते. साठा आटत आला की यकृत प्रथिनांच्या तुकड्यांपासून आणि इतर पदार्थांपासून नवी साखर घडवतं आणि शरीर हळूहळू चरबी जाळण्याकडे वळतं. निरोगी माणसात इन्शुलिन यकृताला सांगतं की आता पुरे, आणखी साखर सोडू नको. टाइप टू मधुमेहात यकृत ते ऐकत नाही.

रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घेतलेलं नसताना सकाळी उपाशीपोटी साखर १६० का येते, हा प्रश्न दवाखान्यात रोज विचारला जातो, त्याचं उत्तर हेच. ती साखर रात्रभर यकृताने सोडलेली असते. त्यात पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढतात आणि साखरेला आणखी वर ढकलतात. म्हणून उपास सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात सकाळचा आकडा वर दिसला, तर ‘आपल्याला उपास मानवत नाही’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. एका सकाळच्या आकड्यापेक्षा एचबीए१सी, म्हणजे आपण जिला तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणतो, ती जास्त खरं बोलते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली याचा तो हिशेब असतो.

यकृत इन्शुलिनचं का ऐकत नाही, याचं सर्वांत पटणारं उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर यांनी दिलं. त्यांचं म्हणणं असं की वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त खाल्लं की यकृतात चरबी साचते, यकृत बहिरं होतं, साखर आणि चरबी दोन्ही जास्त सोडू लागतं. ती चरबी स्वादुपिंडातही जाऊन बसते आणि तिथल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना मंदावते. हे खरं असेल तर ती चरबी काढली की रोग मागे हटायला हवा. २०११ मध्ये टेलर यांनी अकरा रुग्णांवर हे करून पाहिलं. आठ आठवडे दिवसाला फक्त सहाशेच्या आसपास कॅलरी, मधुमेहाच्या गोळ्या बंद. सात दिवसांत त्यांची उपाशीपोटी साखर सरासरी १६६ वरून १०६ वर आली. आठ आठवड्यांत यकृतातली चरबी जवळजवळ १३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या आत गेली आणि जेवल्याबरोबर इन्शुलिनची पहिली लाट सोडण्याची स्वादुपिंडाची हरवलेली ताकद परत आली. पुढच्या एका अभ्यासात टेलर यांना दिसलं की स्वादुपिंडातून जाणारी चरबी एक ग्रॅमसुद्धा नसते. तेवढ्याने फरक पडतो.

मग हा प्रयोग साध्या दवाखान्यांत नेला गेला. स्कॉटलंडमधले आणि उत्तर इंग्लंडमधले फॅमिली डॉक्टर, सुमारे तीनशे रुग्ण, रोग जास्तीत जास्त सहा वर्षांचा, कुणीही इन्शुलिनवर नाही. ग्लासगोचे माइक लीन आणि टेलर यांच्या या ‘डायरेक्ट’ चाचणीचे निकाल डिसेंबर २०१७ मध्ये आले. तीन ते पाच महिने अतिकमी कॅलरींचा आहार घेतलेल्या गटात वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले, आणि पाच वर्षं ज्यांचा मागोवा घेतला गेला त्यांच्यातले १३ टक्केच अजून औषधांशिवाय रेषेखाली होते. ज्यांचं वजन परत चढलं त्यांची साखरही परत चढली. या अवस्थेला डॉक्टर ‘रेमिशन’ म्हणतात, ‘बरा झाला’ म्हणत नाहीत, ते याचसाठी. औषधं बंद केल्यावर निदान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं तर रेमिशन, असं २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलं. ते टिकवावं लागतं.

इथपर्यंत घड्याळाचा संबंध आलेलाच नाही. किती खाल्लं, एवढाच प्रश्न होता. उपासाचे पुरस्कर्ते म्हणतात की केव्हा खाल्लं यालाही महत्त्व आहे. त्यांचा दावा तपासणारे चांगले अभ्यास गेल्या काही वर्षांत झाले आहेत आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहेत.

ऑस्ट्रेलियात शराया कार्टर आणि सहकाऱ्यांनी टाइप टू मधुमेहाच्या १३७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने आठवड्यातले दोन दिवस फक्त पाचशे ते सहाशे कॅलरी घ्यायच्या आणि उरलेले पाच दिवस नेहमीसारखं जेवायचं. दुसऱ्याने रोजच थोडं कमी खायचं. वर्षभराने दोन्ही गटांची तिमाही साखर जवळजवळ सारखीच उतरली होती, उपासवाल्यांची ०.३ ने, रोज कमी खाणाऱ्यांची ०.५ ने. वजन उपासवाल्यांचं थोडं जास्त उतरलं. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात २०२३ मध्ये ७५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ याच वेळात जेवायचं होतं, पण कॅलरी मोजायच्या नव्हत्या. दुसऱ्याने रोज पाव हिस्सा कमी खायचं, मोजून. सहा महिन्यांनी दोघांचंही एचबीए१सी ०.९ च्या आसपास खाली आलं. घड्याळ पाळणाऱ्यांनी न मोजताच दिवसाला तीनशेहून जास्त कॅलरी कमी खाल्ल्या होत्या.

या अभ्यासातली खरी बातमी हीच आहे. वाटीवाटीने हिशेब ठेवणं बहुतेकांना जमत नाही. रात्री आठनंतर तोंड बंद, हे जमतं. सोळा तासांच्या उपासाचा फायदा बव्हंशी इथून येतो, कमी खाणं सोपं होण्यातून. पेशींची आपोआप होणारी साफसफाई, ऑटोफॅजी, हिची जाहिरात समाजमाध्यमांवर फार होते. योशिनोरी ओसुमी यांना त्या संशोधनाबद्दल २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं, पण त्यांनी ती यंत्रणा यीस्टच्या पेशींत उलगडली. मधुमेही माणसाने अमुक तास उपाशी राहिलं की त्याच्या पेशी साफ होऊन साखर बरी होते, असं त्यातून सिद्ध होत नाही.

घड्याळाला स्वतःचं काही वजन आहे की नाही? थोडं असावं. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या कोर्टनी पीटरसन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना पाच आठवडे दिवसातल्या सहा तासांतच जेवू घातलं, शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत. वजन उतरू नये याची मुद्दाम काळजी घेतली. तरीही इन्शुलिनला शरीर जास्त दाद देऊ लागलं. माणसं आठच, पण प्रयोग काटेकोर. सकाळच्या वेळी शरीर साखर चांगली हाताळतं, संध्याकाळनंतर ती क्षमता मंदावते, हे इतर निरीक्षणांशी जुळणारं आहे. प्रागमध्ये हाना काहलेओवा यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. टाइप टू मधुमेहाच्या ५४ रुग्णांना बारा आठवडे दिवसातून सहा वेळा थोडंथोडं आणि बारा आठवडे दोनदाच, सकाळी आणि दुपारी, भरपेट जेवायला दिलं. कॅलरी दोन्ही वेळा सारख्याच. दोनदा जेवण्याच्या काळात वजन सरासरी ३.७ किलोने उतरलं, सहादा खाण्याच्या काळात २.३ किलोने. यकृतातली चरबी आणि उपाशीपोटी साखर यांतही दोनदा जेवण्याचं पारडं जड राहिलं.

महाराष्ट्रात हा वाद घरगुती होऊन बसला आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, कडक भूक लागेल तेव्हा आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत गावोगाव नेली. मधल्या वेळात पाणी, बिनसाखरेचा चहा, अगदी पातळ ताक, आणि रोज पाऊण तास झपझप चालणं. दुसरीकडे दर दोन तासांनी थोडं खाण्याचा सल्ला देणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. लग्नाच्या पंगतीत आणि लोकलच्या डब्यात लोक या दोन नावांवरून हिरिरीने भांडले. टाइप टू मधुमेहापुरतं बोलायचं तर प्रागचा अभ्यास दोनदा जेवणाऱ्यांच्या बाजूने कौल देतो. दर दोन तासांनी बिस्किट, चिवडा, फळ, पुन्हा चहा असं चालू ठेवणाऱ्या मधुमेही माणसाची साखर दिवसभर खाली यायची संधीच शोधत राहते. मात्र प्रागच्या रुग्णांचं दुसरं जेवण दुपारचं होतं, हे विसरता येत नाही. आपल्याकडे दोनदा जेवणारा माणूस बहुधा सकाळ टाळतो आणि रात्री नऊला पोटभर जेवतो. इस्राएली संशोधकांच्या २०१५ च्या एका अभ्यासात, टाइप टू मधुमेहाच्या २२ रुग्णांनी न्याहारी टाळली त्या दिवशी दुपारच्या त्याच जेवणानंतर रक्तातली साखर ३७ टक्के जास्त चढलेली दिसली, आणि रात्रीच्या जेवणानंतरही २७ टक्के जास्त. एक जेवण सोडायचंच असेल आणि घरच्या व्यवहारात बसत असेल, तर रात्रीचं सोडावं किंवा लवकर उरकावं, हा सल्ला जास्त सबळ आहे. सूर्यास्ताच्या आत जेवण आटोपणाऱ्या जैन घरांत हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. कोल्हापूर-सांगलीकडे अशी शेकडो शेतकरी घरं आहेत.

आता आपल्या परंपरेतल्या उपासाकडे वळलं पाहिजे, कारण ‘आम्ही तर पूर्वीपासून उपास करतो’ हे वाक्य फार ऐकू येतं. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. बहुतेक घरांत या दिवशी पोट रिकामं राहत नाही, ताटातले पदार्थ बदलतात. एकादशी दुप्पट खाशी, असं आपल्या आज्या उगीच म्हणत नव्हत्या. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सत्त्याऐंशी ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, प्रथिनं नावालाही नाहीत, तंतू नाहीत. एका भरल्या ताटलीतल्या खिचडीत चार फुलक्यांइतकं स्टार्च जातं, वर बटाटा. दाण्याचं कूट आणि तूप साखरेची चढण थोडी सावकाश करतात, पण कॅलरी वाढवतात. त्यावर बटाट्याचे वेफर्स, रताळ्याच्या गोड चकत्या, राजगिऱ्याचा गुळातला लाडू, केळं. संध्याकाळी साखर अडीचशेवर गेली तर दोष उपासाचा नाही, फराळाचा आहे. ज्या मधुमेह्याला एकादशी सोडायची नाही, आणि सोडायला सांगण्याचा अधिकार डॉक्टरलाही नाही, त्याने दही, ताक, मूठभर भाजलेले शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याची एखादी भाकरी यावर दिवस काढावा. राजगिऱ्यात प्रथिनं बऱ्यापैकी असतात. वरईचा भातही खिचडीपेक्षा बरा, पण तोही वाटीभरच.

भारतीय माणसाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, आणि तो जगापुढे मांडला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात त्यांनी दाखवलं की आपल्याकडची मुलं जन्मतः वजनाला हलकी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, पोट पुढे, आणि ‘मी कुठे जाड आहे?’ असा प्रश्न, हे चित्र प्रत्येक मराठी घरात सापडेल. अशा माणसाला वजन कमी करून फायदा होतो का? टेलर यांनी हेही तपासलं. बीएमआय २७ च्या खाली असलेल्या २० मधुमेह्यांनी सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वजन उतरवलं आणि त्यांतले १४ रेमिशनमध्ये गेले. प्रत्येक शरीराची चरबी पेलण्याची मर्यादा वेगळी असते, आपली लवकर ओलांडली जाते, एवढाच त्याचा अर्थ. सत्तर किलोच्या माणसाचे सहा-सात किलो उतरले तरी त्याचं यकृत मोकळा श्वास घेऊ शकतं.

मात्र काटकुळ्या माणसाने उपास करताना स्नायू गमावले तर तो सौदा घाट्याचा आहे, कारण जेवणानंतरची साखर रिचवण्याचं सर्वांत मोठं काम स्नायूच करतात. जेवणं दोन झाली म्हणून डाळ, उसळ, दही, अंडी, मासे निम्मे होता कामा नयेत. आपल्या रोजच्या ऊर्जेतला साठ टक्क्यांहून जास्त वाटा कर्बोदकांतून येतो. कापायचा असेल तर भाताचा तो दुसरा डोंगर कापावा. आणि चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका किंवा वजनं उचलणं हवं.

चीनमधून २०२४ मध्ये आलेला एक निकाल उपासाच्या बाजूने सर्वांत ठळक आहे. नुकताच मधुमेह झालेले ४०५ जण, सोळा आठवडे. एका गटाला मेटफॉर्मिन, दुसऱ्याला एम्पाग्लिफ्लोझिन, तिसऱ्याला कुठलंच औषध नाही, फक्त आठवड्यातून दोन दिवस ठरावीक कमी कॅलरींचा आहार आणि उरलेले दिवस एका जेवणाऐवजी तोच तयार आहार. एचबीए१सी उपासवाल्यांचं १.९ ने उतरलं, मेटफॉर्मिनवाल्यांचं १.६ ने आणि एम्पाग्लिफ्लोझिनवाल्यांचं १.५ ने. वजन उपासवाल्यांचं ९.७ किलोने घटलं. रोग नवा असताना, औषधं लागण्याआधी किंवा लागलीच तेव्हा, उपासाची ताकद सर्वांत जास्त असते हे यातून दिसतं. पंधरा वर्षांच्या जुन्या मधुमेहात स्वादुपिंडाच्या पेशी इतक्या थकलेल्या असू शकतात की वजन उतरूनही औषधं सुटत नाहीत. तरी डोस कमी होणं हाही फायदाच.

धोका असतो तो औषधं चालू असताना. हा भाग प्रत्येक मधुमेह्याने आणि त्याच्या घरच्यांनी नीट वाचावा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून इन्शुलिन काढतात. पोटात अन्न आहे की नाही, हे त्या बघत नाहीत. सकाळी सवयीने गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत संकष्टी धरली, तर दुपारी साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. वृद्ध माणसांत हे ‘उपासाने अशक्तपणा आला’ म्हणून खपून जातं. बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड जाणवतही नाही. इन्शुलिन टोचणाऱ्यांनाही हाच धोका. न्यूझीलंडमध्ये ४१ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात औषधांचे डोस आधीच कमी केले होते, तरीही उपासाच्या दिवशी साखर घसरण्याचं प्रमाण दुप्पट झालं. मेटफॉर्मिन एकट्याने साखर सहसा फार खाली नेत नाही. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. त्यांवर असताना लांब किंवा निर्जळी उपास केला तर रक्तात कीटोन आम्ल साचू शकतं, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणं. मीटरवर आकडा बरा दिसतो म्हणून घरी थांबणाऱ्याचा जीव यात जाऊ शकतो. हरितालिकेचा निर्जळी उपास धरणाऱ्या मधुमेही बायकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

रमजानच्या रोज्यांबाबत वैद्यकाने हे काम आधीच केलं आहे. २००१ मध्ये १३ देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेह्यांची पाहणी झाली, तेव्हा टाइप टूच्या रुग्णांत साखर धोकादायक घसरण्याचं प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट झालेलं आढळलं. त्यातून मार्गदर्शक नियम आले. महिना सुरू होण्याआधी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांना भेटायचं, गोळ्यांची वेळ आणि डोस बदलून घ्यायचे, दिवसा साखर तपासत राहायचं. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा सोडायचा. बोटाला टोचून तपासल्याने रोजा मोडत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांना हे नियम जितके लागू, तितकेच ते शरीराच्या दृष्टीने चातुर्मासाला आणि सोळा तासांच्या उपासालाही लागू आहेत.

पहिल्या प्रकारचा मधुमेह, गरोदरपण, नुकतीच साखर घसरून बेशुद्धी आलेली असणं, मूत्रपिंडाचा बळावलेला आजार, एकटं राहणारं थकलेलं वय, यांपैकी काहीही असेल तर स्वतःच्या मनाने उपास सुरू करू नये. इतरांसाठी उपास हा टाइप टू मधुमेहावरचा खरा, स्वस्त आणि आजमावण्याजोगा उपाय आहे. तो वजन जितकं उतरवेल तितकं त्याचं काम, घड्याळाचा लाभ त्यावर थोडासा. ज्याला रोज दोन घास कमी खाणं सोपं जातं त्याने तसं करावं, ज्याला वेळ पाळणं सोपं जातं त्याने वेळ पाळावी. निकाल जवळजवळ सारखाच लागतो.

फक्त सुरुवात व्हॉट्सॲपवरच्या तक्त्याने करू नका. घरातली सगळी औषधं, बीपीच्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. उपासाच्या दिवशी यातली कुठली गोळी घ्यायची, कुठली अर्धी करायची, कुठली आदल्या दिवसापासून बंद ठेवायची, हे कागदावर लिहून घ्या. साखर मोजायचं मीटर घरात असू द्या आणि पहिले पंधरा दिवस दुपारीही मोजा. आकडा ७० च्या खाली आला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खालीच असेल तर पुन्हा प्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.